उजव्या चाकाचे पाच दिवस

चंद्रपूर-गडचिरोलीकडे जाऊन आलो म्हटलं की आमच्या नाशिकचे लोक पहिलं एकच विचारतात, "वाघ दिसला का?" वाघ काही दिसला नाही. आम्ही गेलो विमानानं आणि अडकून राहिलो तेही विमानापायीच. शतक संपायला तेव्हा एखाद-दोन वर्षंच राहिली होती.

आधी विमानाची ओळख करून देतो. डाकोटा म्हणजे दोन पंख्यांचं जुनं प्रवासी विमान, दुसऱ्या महायुद्धाच्या काळातलं. उभं असताना शेपूट जमिनीला आणि नाक आभाळाकडे, त्यामुळे आत शिरलं की आपल्या जागेपर्यंत चढण चढावी लागते. असं एक विमान कॅप्टन दिनकर भोयर यांनी भंगारातून उचललं. कॅप्टन मूळचे वरोऱ्याचे. आयुष्यभर मोठी विमानं चालवून निवृत्त झाले आणि या म्हातारीच्या नादी लागले. मी विमानदुरुस्तीतला, तीस वर्षं चाकं, ब्रेक आणि तेलाच्या नळ्या यांतच हात घातलेला माणूस. निवृत्तीनंतर भोयरांनी बोलावलं म्हणून मी आणि बायको कुसुम हैदराबादला जाऊन राहिलो. अडीच वर्षं खपून आम्ही ते विमान उडतं केलं.

नागपूरला एका कार्यक्रमात ते दाखवायचं होतं. वाटेत चंद्रपूरला एक दिवस थांबायचं, कारण भोयरांना आपल्या जिल्ह्यातल्या लोकांना ते दाखवायची फार हौस. विमानात आम्ही पाच जण होतो. भोयर, त्यांचे सहवैमानिक सुब्बाराव, मी, कुसुम आणि भोयरांच्या थोरल्या बहीण ताराबाई. ताराबाई सत्तरीच्या, वरोऱ्याच्या. भावाच्या विमानात पहिल्यांदा बसायचा मान आपलाच म्हणून त्या मुद्दाम रेल्वेनं हैदराबादला आल्या होत्या. कुसुमचाही हा पहिलाच विमानप्रवास. तीस वर्षं नवरा विमानं दुरुस्त करत होता आणि ती बसली नव्हती एकदाही.

प्राणहितेवरून

सरळ उत्तरेला न जाता भोयरांनी विमान सिरोंच्याकडे वळवलं. "नदीनं जाऊ," म्हणाले.

मार्चचे दिवस. गोदावरी म्हणजे सगळी वाळूच, मधून पाण्याच्या दोन-तीन पट्ट्या. सिरोंच्याजवळ प्राणहिता तिला मिळते तिथे मोकळ्या रानात लाल चादरी पसरलेल्या दिसल्या. कुसुमला वाटलं फुलांची शेतं. ताराबाई म्हणाल्या, "फुलं कायची वो बाई, मिरच्या वाळू घातल्या हायेत." त्यानंतर नुसतं जंगल. अर्धं पान गळलेलं, मातकट, आणि त्यात मध्येच पळस पेटलेला. जमिनीवरून पळस पाहिला होता. वरून तो असा दिसत असेल हे ठाऊक नव्हतं. वर्धा आणि वैनगंगा जिथे एकत्र येऊन प्राणहिता होतात तिथे भोयरांनी एक पंख जरा कलवला आणि मागे वळून ओरडले, "पाहून घ्या, पुन्हा फुकट दाखवनार नाई!" ताराबाई मनमुराद हसल्या.

पुढे वीजकेंद्राची धुराडी दिसली, किल्ल्याची तटबंदी दिसली आणि गावाबाहेरची छोटी धावपट्टी. तिच्या कडेनं माणसांची गर्दी, मंडप, पताका. भोयरांनी चाकं सोडण्याचा दांडा खाली केला.

डावं चाक बसल्याचा धक्का लागला. उजव्याचा लागला नाही. समोरचा दिवा हिरवा व्हायला हवा होता, तो लालच राहिला आणि तेलाच्या दाबाचा काटा हळूहळू खाली यायला लागला.

"शेलार, बघा जरा," भोयर एवढंच म्हणाले.

मी मागे येऊन उजव्या खिडकीतून वाकून पाहिलं. चाक बाहेर आलं होतं, पण लोंबकळत होतं. त्याला खाली पूर्ण ढकलून कुलपात बसवतं ते तेल. आणि तेच तेल लाल ओघळ होऊन टायरवरून मागे उडत होतं. तसं उतरलो असतो तर टेकल्या टेकल्या तो पाय मुडपला असता आणि पंख जमिनीला लागला असता. पंखात पेट्रोल.

वैमानिकांच्या मागे तेलाची टाकी असते. तिची पातळी दाखवणारी काच रिकामी. माझ्याजवळ दोन लिटरचा राखीव डबा होता, तो ओतला. दोन आसनांच्या मध्ये हातपंप असतो, सुब्बाराव तो हाणू लागला. काटा जरा चढला आणि पडला. डबाभर तेल बाहेर गेलं. भोयरांनी रेडिओवर नागपूरला विचारलं, तिकडे येऊ का. तिथे वादळ, गारा पडत होत्या. आणि चाक असं लोंबकळत ठेवून हैदराबादला परतायची कोणाची तयारी नव्हती.

आम्ही गावावरून गोल फिरत होतो. मागून ताराबाईंचा आवाज आला, "दिनू, काऊन गोल-गोल फिरवून राह्यला रे?"

"चाक अडकलं, अक्का."

"मंग सोडव न बाप्पा. लोकं उन्हात उभे हायेत."

मी कुसुमकडे पाहिलं. तिला माझ्या चेहऱ्यावरून कळलं असावं. तिने एवढंच विचारलं, "काय पाहिजे?"

"तेल. कसलंही पातळ, स्वच्छ तेल."

ती उठली, मागे सामानाशी गेली आणि दोन्ही हातांनी डबा उचलून डुलत्या विमानात सावकाश पुढे आली. पाच लिटर तिळाचं तेल. हैदराबादेत चांगलं मिळतं म्हणून लोणच्यासाठी घेतलेलं. माझ्या धंद्यात कोणी असं करत नाही, पण त्या टाकीला त्या घटकेला तेल हवं होतं, कुठलं ते नको होतं. मी ओतत गेलो, कुसुमने डबा खालून धरला. "एकदम ओतू नका, सांडेल," ती म्हणाली, स्वयंपाकघरात म्हणते तसंच.

मग सुब्बारावला उठवून पंप मी घेतला. सावकाश मारून उपयोग नव्हता. जितकं गळतंय त्याहून जास्त ढकलायला हवं होतं. भोयरांनी विमान किंचित खाली झुकवून झटक्यात वर उचललं, म्हणजे पाय आपल्या वजनानं झोका खाईल. पहिल्यांदा काही नाही. दुसऱ्यांदा काही नाही. माझे दंड भरून आले होते. तिसऱ्यांदा उचललं तेव्हा पायाखालून खट् झालं. आवाज कानांनी ऐकला की तळव्यांनी, आजही सांगता येत नाही. दिवा हिरवा झाला.

"पंप थांबवू नका, ब्रेकला लागेल," भोयर म्हणाले. चाकांचा दांडा त्यांनी मधे आणला, चाकांकडे जाणारं तेल थांबून गळती बंद झाली, उरलंसुरलं तेल ब्रेकसाठी राहिलं. आम्ही उतरलो. धावपट्टी संपायला फार थोडी जागा उरली असताना विमान थांबलं.

इंजिनं बंद झाली. मग खमंग वास आला. तापलेल्या ब्रेकवर तिळाचं तेल टपकत होतं. ताराबाईंनी नाक वर केलं. "कोनी पुऱ्या तळून राह्यलं का?"

हसू आलं ते थांबेना. कुसुम हसता हसता रडायला लागली. दार उघडलं तर बँड वाजायला लागला. बाहेर कोणीतरी माईकवरून सांगत होतं की पाहुण्या वैमानिकांनी चंद्रपूरकरांसाठी पाच फेऱ्या मारून हवाई कसरती दाखवल्या, टाळ्या झाल्या पाहिजेत. टाळ्या झाल्या. भोयरांनी हात जोडले.

चंद्रपूर

मंडपातली भाषणं चालू असताना मी उजव्या चाकाच्या खोबणीवरचा पत्रा काढून आत डोकं घातलं. तेल कुठून आलं ते सापडायला दोन मिनिटं लागली. नळीचं टोक जिथे नटात बसतं तिथे केसासारखी चीर होती, ती पूर्ण फाटली होती. आणि नळीवर, तेलातूनही स्पष्ट दिसणारी, पिवळ्या मेणखडूची फुली.

फुली माझी होती. आठ महिन्यांपूर्वी ती चीर मी पाहिली होती. ओरखडा असेल, पण बदलून टाकू, असं म्हणून खूण केली होती. त्या दिवशी तेवढी नळी शिल्लक नव्हती. पुढच्या आठवड्यात येणार होती. आली तेव्हा मी डाव्या ब्रेकच्या मागे होतो. नंतर खोबणीवर पत्रा चढला आणि मी विसरलो.

पत्रा परत लावला. कोणाला काही बोललो नाही.

आमचा मुक्काम सरकारी विश्रामगृहात होता. तिथल्या स्वयंपाक्याला बाजूला करून ताराबाईंनी संध्याकाळी वडा-भात केला. आमच्याकडे वडा म्हणजे बटाट्याचा. इकडे मिश्र डाळी भरडून त्याचे तळलेले वडे गरम भातावर कुस्करतात आणि वरून हिंग-मोहरीची कडकडीत फोडणी ओततात, चमच्यानं नाही, वाटीनं. माझ्यासारख्या बाजरीच्या भाकरीवर वाढलेल्याला पहिल्या घासाला धास्ती वाटते, दुसऱ्याला वाटत नाही. सगळे पोटभर जेवले, मजेत होते. मलाही भूक होती, आणि भूक आहे याचीच लाज वाटत होती.

सकाळी भोयर आम्हाला बसस्टँडजवळ तर्री-पोहे खायला घेऊन गेले. पोह्यांवर हरभऱ्याचा लालभडक रस्सा, तीच तर्री. कुसुमच्या डोळ्यांत पाणी आलं तरी खात होती. भोयर म्हणत होते, "बिचारं जुनं विमान. एखादी नळी कुठी ना कुठी दगा देनारच. दोष कोनाचा नाई."

तेव्हा मी बशी खाली ठेवली आणि सांगितलं. चीर, फुली, आठ महिने, सगळं.

भोयरांनी माझ्याकडे पाहिलं. "तुम्ही सांगितलं नसतं तर मले कधी कळलं नसतं."

"म्हणूनच सांगितलं."

ते उठले, रस्ता ओलांडून पलीकडच्या झाडाखाली जाऊन उभे राहिले. परत आले तेव्हा रागावलेले होते, पण आवाज चढलेला नव्हता. "आजपासून प्रत्येक जोड दोघांनी पाहायचा. तुम्ही पाहिला की मी पाहीन. मी पाहिला की सुब्बाराव पाहील. एकट्यानं कोनी पत्रा लावायचा नाई. आता नळी कुठी बनते ते पाहा."

कुसुम माझ्याकडे पाहत नव्हती. "मी त्यात बसले होते," ती म्हणाली. "ताराबाई बसल्या होत्या." मग पोह्यांची बशी तशीच ठेवून ती ताराबाईंबरोबर मंदिराकडे निघून गेली. त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी ती माझ्याशी लागेल तेवढंच बोलली.

घुग्घुस

तिसऱ्या दिवशी नवीन नळीचं भेंडोळं नागपूरहून सकाळच्या बसनं आलं. पण नुसती नळी येऊन भागत नाही. ती मोजून वाकवावी लागते आणि तिची टोकं फुलासारखी उमलवून नटात बसवावी लागतात. माझी हत्यारं हैदराबादला राहिली होती. विश्रामगृहाचा चौकीदार म्हणाला, "घुग्घुसले जा साहेब. डंपरच्या तेलाच्या नळ्या बनवतेत तिथी. हबीबभाई."

घुग्घुसचा रस्ता म्हणजे कोळशाचे ट्रक आणि त्यांच्यामागे उडणारी काळी धूळ. खाणीतली पाळी सुटली होती. डोक्यावर टोप्या तशाच ठेवून माणसं मोटरसायकलींवरून घरी चालली होती, डोळे सोडून बाकी सगळं काळं. सिमेंटच्या कारखान्याकडून पांढरी धूळ येत होती. माझा सदरा एका बाहीला काळा आणि एका बाहीला पांढरा झाला.

हबीबभाई पन्नाशीचे, बारीक, दाढीत पांढरे केस. टिनाच्या छपराचं दुकान, मागच्या अंगाला घर. तीस वर्षं खाणीतल्या यंत्रांच्या नळ्या बनवणारा माणूस. त्यांनी माझी जुनी नळी हातात घेतली, फाटलेल्या टोकावरून अंगठा फिरवला आणि विचारलं, "कशाची आहे?"

"विमानाची."

त्यांनी नळी परत माझ्या हातात दिली. "नाई बनवत."

"का?"

"भाऊ, डंपर बंद पडला तर रस्त्यावर उभा राह्यते. तुमचं कुठी उभं राहील?"

मी परत फिरलो नाही, तिथेच बसलो. चहा आला, दुधाचा, भरपूर साखरेचा, वर वेलची. काल जे बसस्टँडवर सांगितलं ते पुन्हा सांगितलं, फुलीसकट. अनोळखी माणसाला दुसऱ्यांदा सांगताना ते काही सोपं झालं नाही.

हबीबभाईंनी फुलीकडे पाहिलं. "ये निशान तुमचं?"

"माझं."

"आणि आता परत तुम्हीच फिट करनार?"

"मीच. पण या वेळी दुसरं कोणीतरी तपासेल."

त्यांनी कपातला चहा संपवला. मग म्हणाले, "तीन बनवतो. दोन फाडून पाहू. कितीवर फाटते ते कळलं की तिसरी द्यायची का नाई ते मी ठरवीन. तुम्ही नाई."

दुपारभर आम्ही दोघं कामाला होतो. नळीचं टोक उमलवताना ते श्वास धरत. झाल्यावर भिंग लावून बघत, मग तेच भिंग माझ्या हातात देत. दोन नळ्या दाबाच्या पंपाला लावल्या. विमानात लागतो त्याच्या तिप्पट दाबाला पहिली फाटली, आणि तीही मधोमध, जोडाला नाही. दुसरी तिथेच फाटली. हबीबभाईंनी तिसरी नळी स्वच्छ फडक्यात गुंडाळली. "ही घेऊन जा. पण लावून तपासायला विमान उचलाल कसं?"

ते मला सुचलंच नव्हतं. चाकं वर-खाली होतात का पाहायचं तर विमान जमिनीवरून उचलावं लागतं. जॅक त्यांनी सांगितले, डंपर उचलायचे, एका ओळखीच्या वर्कशॉपातून आणतो म्हणाले. "पन त्याच्या खाली लाकूड पाहिजे, भक्कम. जमीन कच्ची आहे तुमची. पोंभुर्ण्याकडे माझा दोस्त आहे, सोमाजी मडावी. त्याच्याजवळ जुन्या घराचे सागवानी खांब पडले आहेत. जा, माझं नाव सांगा."

पोंभुर्णा

चौथ्या दिवशी पहाटे निघालो, उजाडता उजाडता पोहोचलो. ताराबाईंनी कुसुमला जवळजवळ ढकलूनच बरोबर पाठवलं. जीपमध्ये आम्ही दोघं मागे बसलो होतो, मधे दोघांची पाण्याची पिशवी.

सोमाजींचं गाव तालुक्याच्या ठिकाणापासून आत, जंगलाला लागून. मातीनं सारवलेली घरं, अंगणं इतकी लख्ख की चप्पल काढावीशी वाटते. "जोहार," सोमाजी म्हणाले. आम्हीही जोहार म्हटलं. त्यांची बायको मैनाबाई टोपली घेऊन निघालीच होती, मोह वेचायला. ती कुसुमला म्हणाली, "चाल न वो बाई. ऊन चढलं का मग फुलं सुकतेत." कुसुम गेली.

मी आणि सोमाजी गोठ्यामागे गेलो. खांब रचून ठेवले होते, शंभर वर्षांचे तरी असतील. सोमाजी एकेकाला बोटाच्या पेरानं वाजवत होते आणि कान देत होते. पाच वाजवून वेगळे काढले. सहावा वाजवला, पुन्हा वाजवला आणि पायानं दूर ढकलला.

"हा काऊन नको?" मीही त्यांच्यासारखं विचारलं.

"आतून चीर आहे जी. दिसत नाई, आवाज सांगते." त्यांनी लगेच कुऱ्हाड घेऊन त्या खांबाचे दोन तुकडे केले. "असाच ठेवला तर मी इसरन. मग कोनीतरी घराले लावन."

तुकडे चुलीकडे टाकून ते सातव्याला लागले.  

कुसुमला शोधत मोहाच्या झाडापाशी गेलो. जमिनीवर फिकट पिवळ्या, टपोऱ्या फुलांचा सडा, आणि वास असा की किंचित गरगरावं. दोघी वाकून वेचत होत्या. एक फूल उचलून मी तोंडाजवळ नेलं तशी मैनाबाई म्हणाली, "खा, खा. गावाची पूजा झाली. त्याच्या आधी आमच्यात कोनी तोंडात नाई घालत." आमच्याकडे नवं धान्य आधी देवाला, तसंच हे. इथला देव गावाबाहेर साजाच्या, म्हणजे ऐनाच्या, झाडाखाली असतो, एवढाच फरक. फूल गोड लागलं, जरा उग्र.

मैनाबाई पुढच्या झाडाकडे सरकल्यावर कुसुम वेचता वेचताच बोलली. माझ्याकडे न बघता.

"तीस वर्षं तुम्ही घरी आलात की मी विचारायचे, सगळं ठीक? तुम्ही म्हणायचात, ठीक. मला वाटायचं, खरंच ठीक असणार."

"बहुतेक वेळा होतंच."

"बहुतेक वेळा." तिने फुलं टोपलीत टाकली. "चुकलात त्याचा मला इतका राग नाही. पण खूण केलीत आणि कोणाला सांगितलं नाहीत. भोयरांना नाही, मला तर नाहीच. मला त्यातलं कळत नाही म्हणून?"

"नाही. सांगितलं की चूक खरी होते, म्हणून."

ती उभी राहिली, कमरेला हात लावला. "मग आता सांगत जा. नळीचं मला कळलं नाही तरी तुम्ही सांगितलंत की नाही ते कळतं."

"सांगेन," मी म्हटलं. तिने टोपली माझ्या हातात दिली. जड होती.

जेवायला भात, लाखोळीच्या डाळीचं घट्ट वरण आणि रानातल्या कोवळ्या पानांची भाजी. मैनाबाई वाढताना विचारत होती, "तुमच्या गावाले काय पिकते?" कुसुम म्हणाली, द्राक्षं. "निरी द्राक्षं? मंग जेवता काय?" मैनाबाईला खरंच काळजी वाटली. सोमाजींनी त्या दिवशी चंद्रपूरच्या बाजारातून आमचं विमान गोल फिरताना पाहिलं होतं. म्हणाले, "आम्हाले वाटलं, रस्ता चुकलं."

सहा खांब ट्रॅक्टरवर चढवून आम्ही निघालो, सोमाजीही बरोबर. परतताना पाण्याची पिशवी कुसुमने आपल्या पायाशी ठेवली होती. मधली जागा मोकळी होती, पण रस्ता इतका खराब की आम्ही दोघं एकमेकांवर आदळतच आलो.

पुन्हा चंद्रपूर

विमान त्या सागवानी खांबांवर आणि डंपरच्या जॅकवर चढलं. नागपूरहून तपासनीस आले होते, मितभाषी गृहस्थ. नळी मी बसवली, भोयरांनी तपासली, मग तपासनिसांनी. जुनं तेल, तिळाचं तेल, सगळं काढून टाक्या आणि नळ्या धुतल्या, नवीन तेल भरलं. चाकं दहा वेळा वर घेतली, दहा वेळा खाली. दहाही वेळा खट्. तपासनिसांनी सही करून परवानगी दिली, पण आधी पत्रा न लावता एक चाचणीची फेरी मारून या म्हणाले.

नागपूरला आम्ही दुसऱ्या दिवशी पोहोचलो, कुसुमही, ताराबाईही. कार्यक्रम झाला, हार झाले. पण सांगायचं आहे ते त्या चाचणीच्या फेरीचं.

इंजिनं सुरू करायच्या आधी भोयरांनी हबीबभाईंना विचारलं, "येता का?" हबीबभाई लांब उभे होते. धुतलेला पांढरा कुडता घालून आले होते. माझ्याकडे पाहिलं. 

"बनवली मी," ते म्हणाले, "तर बसायला पन पाहिजे." चढण चढून ते खिडकीशी बसले आणि पट्टा स्वतःच्या हातांनी दोनदा ओढून पाहिला.

उडालो. चाकं वर गेली. हबीबभाईंनी डोळे मिटले होते, ओठ हलत होते. भोयरांनी चाकं खाली सोडली. डावं, मग उजवं. हिरवा दिवा. पुन्हा वर, पुन्हा खाली. हिरवा. मी मागे येऊन त्यांच्या खांद्याला हात लावला. "बघा आता."

भोयरांनी विमान घुग्घुसवर आणलं होतं. खाणी वरून काळ्या पायऱ्यांसारख्या दिसत होत्या, ट्रक मुंगीएवढे. हबीबभाई काचेला कपाळ टेकवून शोधत होते. एका टिनाच्या छपरावर चार-पाच माणसं उभी राहून काहीतरी पांढरं हलवत होती.

"ते माझं घर," ते म्हणाले. मग जोरात, इंजिनाच्या वर आवाज काढून, "भाऊ, ते माझं घर! चादर हलवून राह्यले!"

ते हात हलवत राहिले. खालून कोणाला दिसणार नव्हता, पण मीही हलवला.

उतरलो तेव्हा ऊन कललं होतं. कोणी काही म्हणायच्या आत हबीबभाई उजव्या चाकापाशी गेले, वाकले, खोबणीत हात घातला आणि जोडाभोवती सगळीकडून बोट फिरवलं. बोट अंगठ्यावर घासलं. मग तोच हात त्यांनी माझ्यापुढे केला.

मी हातात घेतला. कोरडा होता.